डिपर मारला की विझलेच पाहिजेत

प्रति,
मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
राज्यातील सर्व प्रादेशिक परिवहन अधिकारी व मोटार वाहन निरीक्षक,
महामार्ग पोलीस,
व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय,
आणि आपल्या राज्यात गाड्या बनवणाऱ्या व विकणाऱ्या सर्व कंपन्या

विषय : गाड्यांना बाहेरून बसवल्या जाणाऱ्या जादा दिव्यांचं वायरिंग

महोदय,

मी कऱ्हाडचा गाडी-वायरमन. पाटण रस्त्यावर माझं छोटं गॅरेज आहे आणि गेली ३१ वर्षं सेल्फ, अल्टरनेटर, वायरिंग याच कामावर माझं घर चालतं. आपल्या कार्यालयात मी आजवर अर्ज पुष्कळ दिले, लायसनचे, पासिंगचे. हे पत्र अर्ज नाही. मला यात स्वतःसाठी काही मागायचं नाही. मला एका वायरबद्दल लिहायचं आहे.

गेल्या पौषात पाटणजवळ बंद पडलेली एक जीप चालू करून मी रात्री साडेनऊच्या सुमारास मोटरसायकलवरून परत निघालो होतो. मागे माझ्या हाताखालचा पोरगा बसला होता, मांडीवर हत्यारांची पिशवी घेऊन. समोरून एक उंच गाडी आली. बंपरवर चार गोल दिवे, चारही पेटलेले. मी डिपर मारला. समोरच्यानं लगेच मान दिला. त्याच्या हेडलाइटचा झोत खाली गेलेला मी डोळ्यांनी पाहिला. पण बंपरवरचे चार दिवे होते तसेच राहिले. पुढचे दोन-तीन सेकंद माझ्यासमोर नुसतं पांढरं होतं. त्या पांढऱ्यात रस्त्याच्या डाव्या कडेला उसानं भरलेली ट्रॉली उभी होती, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. पोरगा ओरडला म्हणून मी ब्रेक दाबून गाडी रस्त्याखाली घातली. माझे गुडघे फुटले, पोराचं मनगट मोडलं. आम्ही जिवंत आहोत.

गाडीवाला थांबला. धावत आला, पोराला उचललं, दवाखान्यात त्यानंच नेलं. वाटेत तो सारखं एकच म्हणत होता, "काका, मी डिपर दिला होता हो." खरं होतं त्याचं. त्यानं दिलाच होता.

दवाखान्याच्या आवारात मी त्याचं बॉनेट उघडायला लावलं आणि मोबाइलच्या उजेडात पाहिलं. रिले होता. फ्यूज होता. टेप नीट गुंडाळलेली होती, वायरी क्लिपांत बसवलेल्या होत्या. काम करणाऱ्याचा हात चांगला होता. फक्त स्विचची वायर त्यानं अप्परच्या, म्हणजे हेडलाइटच्या लांब झोताच्या, वायरवरून घेण्याऐवजी सरळ बॅटरीच्या प्लसवरून घेतली होती. त्यामुळे त्या चार दिव्यांचं हेडलाइटशी काही नातंच उरलं नव्हतं. चालकानं डिपर मारला तेव्हा हेडलाइटनं ऐकलं आणि बंपरनं ऐकलं नाही.

ते काम माझं नव्हतं. पण माझंही असू शकलं असतं. तशी कामं मी वर्षानुवर्षं केली आहेत आणि त्यातल्या किती गाड्या आज रात्री कुंभार्ली घाटात फिरत असतील हे मला सांगता येणार नाही. म्हणून हे पत्र.

आपल्यातले अभियंते रिले ओळखतात, पण हे पत्र खुलं आहे आणि ते गाडीमालकही वाचतील, म्हणून थोडं सांगतो. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे लावले की ११० वॅट झाले. १२ व्होल्टच्या गाडीत तो ९ अँपियरच्या वरचा करंट होतो. डॅशबोर्डवरच्या बोटाएवढ्या स्विचमधून तो सतत नेला तर स्विच तापतो, वितळतो. त्यासाठी मध्ये रिले घालतात. स्विचनं रिलेच्या आतल्या गुंडाळीला अगदी थोडा करंट द्यायचा, गुंडाळी पत्रा ओढते, आणि मोठा करंट बॅटरीकडून जाड वायरीनं सरळ दिव्यांना जातो. रिलेच्या बुडाला चार पाय असतात आणि त्यांवर नंबर असतात. ३० नंबरला बॅटरीचा प्लस, फ्यूजमधून. ८७ वरून दिवे. ८५ ला अर्थ. याबद्दल कऱ्हाडपासून गोव्यापर्यंत कुठल्याही वायरमनचं दुमत नाही. उरला ८६. तिथं स्विचची वायर येते. आणि त्या स्विचला करंट कुठून द्यायचा, एवढाच सगळा प्रश्न आहे.

अप्परच्या वायरवरून दिला तर चालकाला काही लक्षात ठेवावं लागत नाही. अप्पर असेल तरच जादा दिवे पेटतात. डिपर केला की अप्परच्या वायरीतला करंट जातो, गुंडाळी पत्रा सोडते, बॉनेटखाली बारीक 'टक' असा आवाज होतो आणि दिवे हेडलाइटबरोबरच विझतात. बॅटरीवरून डायरेक्ट दिला तर समोर गाडी आली की चालकानं आधी डिपर मारायचा, मग डॅशबोर्डखाली चाचपून दुसरा स्विच बंद करायचा, गाडी गेली की दोन्ही पुन्हा चालू करायचे. कऱ्हाडहून चिपळूणला रात्री जाताना हे किती वेळा करावं लागेल याचा विचार करा. माणूस पहिल्या दहा गाड्यांना करतो. मग कंटाळतो, मग विसरतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. डोळे रस्त्यावर आणि हात स्टिअरिंगवर असावेत असं आपणच त्याला शिकवलं आहे.

ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. तीन सेकंद डोळे दिपले तर ५० मीटर रस्ता न बघता कापला. आणि माझ्या वयाच्या माणसाचे डोळे सावरायला विशीतल्या पोरापेक्षा जास्त वेळ घेतात.

मग वायरमन डायरेक्ट जोडणी का करतो? मी का करत होतो ते सांगतो. एक तर गिऱ्हाईक तसं मागतं. "डिपरवर असतानाही लागले पाहिजेत, पावसात उपयोगी पडतात," असं म्हणतं, आणि पैसे देणाऱ्याचं आपण ऐकतो. दुसरं, बाजारात मिळणारा तयार हार्नेस. त्यातल्या बऱ्याच हार्नेसमध्ये रिले, फ्यूज, स्विच सगळं आधीच जोडून येतं आणि स्विचची लाल वायर बॅटरीच्या लाल वायरीलाच मारलेली असते. अप्परसाठी वेगळी वायर नसतेच. ज्यांत असते त्यांत ती मोकळी सोडलेली असते. पाकिटातल्या कागदावर चित्र असतं, मजकूर इंग्रजीत किंवा चिनीत, आणि वायरमन ती मोकळी वायर टेपखाली दडपून टाकतो. तिसरं कारण भीतीचं आहे. नव्या गाडीची कंपनीची वायर सोलली तर वॉरंटी जाईल, काही बिघडलं तर आपल्या गळ्यात येईल. बॅटरीला हात लावणं सोपं. वीस मिनिटांत काम होतं, कोणाचा ओरडा नाही.

आणि चौथं, जे मला सांगायला लाज वाटते. हे चूक आहे असं मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. मी उस्तादाकडून शिकलो, उस्ताद त्यांच्या उस्तादाकडून. आम्हाला दिवा पेटवायला शिकवलं. तो केव्हा विझला पाहिजे हा प्रश्न कोणी काढला नाही.

आता नियमाकडे येतो. अपघातानंतर मी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मिळवून वाचले. नियम १०६ पुढच्या दिव्यांच्या झोताबद्दल आहे. दिव्यापासून ८ मीटर समोर, उजवीकडे अर्धा मीटर, आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे त्याला तो दिवा दिपवता कामा नये. दिवा कायमचा खाली वळवलेला असावा, किंवा चालकाला तो खाली वळवता यावा, किंवा एकाच साधनानं तो विझवून त्याच वेळी न दिपवणारा झोत पडावा. हे वाचलं तेव्हा मी गॅरेजमध्ये एकटाच होतो आणि ते वाक्य मी तीनदा वाचलं. "त्याच वेळी" हा शब्द मला हलवून गेला. ज्यानं हा नियम लिहिला त्याला वायरिंग कळत होतं. ८६ नंबरची वायर अप्परवरून घ्या, हेच तो नियमाच्या भाषेत सांगतो आहे. हा नियम १९८९ पासून पुस्तकात आहे आणि माझ्या धंद्यातल्या एकाही माणसापर्यंत तो पोचलेला नाही.

नियम १११ समोर स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट बसवायला मनाई करतो. अपवाद म्हणून, नोंदणी अधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊनच तो बसवता येतो. माझ्या ३१ वर्षांत अशी परवानगी घेऊन आलेलं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही. आणि असंही पाहिलं आहे की मोहीम निघते, नाक्यावर चार दिवस गाड्या थांबवतात, दिवे दिसले की पावती फाडतात किंवा जागेवर काढायला लावतात. पाचव्या दिवशी तोच माणूस तेच दिवे घेऊन माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "पुन्हा बसवा, पण जरा ग्रिलच्या आत घ्या, दिसले नाही पाहिजेत." आत घेतल्यानं दिपणं कमी होत नाही. फक्त पोलिसाला दिसत नाहीत.

माझं म्हणणं साधं आहे. नाक्यावर दिवे मोजू नका. चालकाला अप्पर लावायला सांगा, जादा दिव्यांचा स्विच चालू करायला सांगा, आणि मग म्हणा, "डिपर मार." बंपरवरचे दिवे विझले तर वायरिंग बरोबर आहे. विझले नाहीत तर त्या गाडीला तिथून तशीच पुढे सोडू नका. दहा सेकंद लागतात. यंत्र लागत नाही, मीटर लागत नाही, वायरिंगचं ज्ञान लागत नाही. तासवडे टोलनाक्यावर रात्री उभा असलेला कुठलाही शिपाई हे करू शकतो, शाळेतलं पोरही करू शकेल. ही चाचणी आपण उद्यापासून लागू करावी, एवढ्या एका मागणीसाठी मी हे सगळं लिहितो आहे. बाकीचं जे पुढे लिहितो ते तिच्या आजूबाजूचं आहे.

खासगी गाड्यांबद्दल मात्र थांबून सांगितलं पाहिजे. ट्रक, टेम्पो, टॅक्सी दोन वर्षांनी, आठ वर्षांनंतर दर वर्षी पासिंगला येतात. तेव्हा निदान कोणीतरी दिव्याकडे बघतं. खासगी गाडी नोंदणीनंतर १५ वर्षं कुठल्याच निरीक्षकासमोर येत नाही. आणि जादा दिवे लावण्याची हौस सगळ्यात जास्त तिथंच आहे. म्हणजे पहिल्या वर्षी चुकीची जोडलेली वायर १५ वर्षं तशीच राहू शकते, गाडी तीन मालक बदलते, आणि तिसऱ्या मालकाला तर आपले दिवे डिपरला ऐकत नाहीत हे माहीतही नसतं. नाक्यावरची चाचणी म्हणूनच लागते. गाडी विकताना नाव बदलायला ज्या दिवशी कागद आपल्याकडे येतात, त्या दिवशीही ती घेता येईल.

आता कोणी म्हणेल, बंदीच घाला ना एकदाची. मी त्याच्या विरोधात आहे आणि का ते सांगतो.

माझ्याकडे दिवे लावायला येणारा प्रत्येक माणूस शौकीन नसतो. दसरा उलटला की आमच्याकडे उसाचा हंगाम सुरू होतो आणि मार्चपर्यंत कृष्णाकाठचे सगळे रस्ते रात्रभर ट्रॅक्टर आणि दोन-दोन ट्रॉल्यांनी भरलेले असतात. ऊस ट्रॉलीच्या मागे हातभर बाहेर आलेला असतो, त्यात मागचा दिवा असला तरी झाकला जातो. चाक फुटलं की ट्रॉली तिथंच उभी, मागे दोन दगड. पहाटे भाजी घेऊन जाणारा पिकअपवाला, रात्रपाळीची नर्स घरी सोडणारा, बाळंतिणीला घेऊन कोयनेच्या वरच्या वाडीतून निघालेला, यांना ती ट्रॉली शंभर-दीडशे मीटरवरून दिसायला हवी. घाटात पांढरे पट्टे पुसलेले असतात, कडेला रिफ्लेक्टर गेलेले असतात. रस्ता बघता येत नाही म्हणून माणूस दिवा विकत घेतो. त्या माणसाचा दिवा काढून घ्यायचा असेल तर आधी ट्रॉलीला लाल पत्रा लावा, रस्त्याला पट्टा मारा. तोपर्यंत त्याचा दिवा राहू द्या, पण नीट जोडलेला.

नीट म्हणजे कसा याबद्दल आणखी दोन गोष्टी आहेत, कारण डोळे दिपण्याइतकीच मला आगीची काळजी आहे. फ्यूज वायरीचं रक्षण करतो, दिव्याचं नाही, हे पुष्कळ वायरमनांना माहीत नाही. ते फ्यूज दिव्याजवळ लावतात. मग बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची मीटरभर वायर उघडी राहते. ती कुठं पत्र्यावर घासून सोलली तर बॅटरी तिच्यातून शेकडो अँपियर सोडते आणि वायर क्षणात लाल होते. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरावरच पाहिजे. ५५ वॅटच्या दोन दिव्यांना १५ अँपियरचा निळा फ्यूज पुरतो. तो वारंवार उडतो म्हणून हिरवा ३० चा लावलेला मी कित्येकदा काढून टाकला आहे. उडणारा फ्यूज कुठेतरी वायर सोलल्याचं सांगत असतो, आणि आपण त्याचं तोंड बांधतो.

वायरीच्या जाडीकडेही असंच दुर्लक्ष होतं. बॅटरीपासून दिव्यापर्यंत आणि अर्थमधून परत मिळून चार मीटर वायर धरा. अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक वायर घातली तर ९ अँपियरला सव्वा व्होल्ट ती वायरच खाते. अडीच चौरस मिलिमीटरची घातली तर फक्त पाव व्होल्ट जातो. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळजवळ ३० टक्के कमी पडतो. मग गिऱ्हाईक म्हणतं दिवे कमजोर आहेत, १०० वॅटचे टाका. करंट आणखी वाढतो, वायर आणखी तापते, बल्बचा होल्डर वितळतो. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून विकली जाते, तिचा व्होल्ट आणखी पडतो आणि जॉइंटला ती लवकर सडते. दोन-तीन वर्षांनी मी टेप सोडतो तेव्हा आत राखाडी पावडर निघते.

यातून एक गोष्ट मी शिकलो. दिवे लावायला आलेल्या जुन्या गाडीचा आधी मूळ हेडलाइट तपासायचा. पुष्कळ जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून फिरून येतो आणि बल्बच्या होल्डरवर साडेदहा व्होल्टच पोचतात. तिथं रिले घालून जाड वायरीनं सरळ बॅटरीवरून पुरवठा दिला, पिवळी पडलेली काच घासून साफ केली आणि गाडी सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर उभी करून झोत बसवला, तर निम्मी गिऱ्हाइकं म्हणतात, आता जादा दिवे नकोत. साडेसात मीटरवर डिपरची वरची रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा साडेसात सेंटिमीटर खाली पडायला हवी. गाडीत मागे माणसं आणि सामान भरलं की नाक वर होतं आणि हीच रेघ समोरच्याच्या डोळ्यात जाते, म्हणून मोजणी भरलेल्या गाडीची करायची. आपल्या पासिंगच्या आवारात अशी एक भिंत रंगवून ठेवली तर किती चालक स्वतःहून येऊन झोत बसवून घेतील याचा अनुभव घेऊन पाहा.

गिऱ्हाइकाचा पावसाचा मुद्दा राहिला. तो खोटा नाही. आषाढात कुंभार्लीत ढग रस्त्यावर उतरतो तेव्हा बॉनेटपुढचं दिसत नाही. पण त्यासाठी जो दिवा लागतो तो फॉग लॅम्प, आणि तो वेगळा दिवा आहे. त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो, वरची कड सुरीनं कापल्यासारखी असते, आणि तो बंपरच्या खालच्या भागात बसतो, म्हणजे धुक्याखालचा रस्ता आणि कडेचा दगड उजळतो. मी इतका वेळ ज्या जादा दिव्यांबद्दल बोलतो आहे त्या ड्रायव्हिंग लाइटचा झोत अरुंद, लांब, वर कापलेला नसतो. तो धुक्यात लावला तर उजेड पाण्याच्या थेंबांवरून परत आपल्याच डोळ्यांत येतो आणि पुढे पांढरी भिंत उभी राहते. दुकानात मात्र दोन्हींना 'फॉग' म्हणतात. चौकोनी एलईडीचा ठोकळाही फॉग, छपरावरची पट्टीही फॉग. माणूस फॉग म्हणून मागतो, दुकानदार सर्चलाइट देतो, आणि मग गिऱ्हाइकाला तो डिपरवर लागला पाहिजे असं वाटतं, कारण त्याच्या मनात तो फॉगच आहे. खोक्यावर 'फॉग' कशाला म्हणायचं हे आपण ठरवून दिलं तर माझं अर्धं भांडण मिटेल. खोक्यावर १०० वॅट छापलेला दिवा मीटरवर दोन अँपियरही ओढत नाही असं मी वरचेवर बघतो, तेही आपल्या नजरेखालून जायला हवं.

युरोपात अप्परच्या प्रत्येक दिव्याच्या काचेवर एक आकडा कोरलेला असतो. गाडीवर जेवढे असे दिवे, त्यांच्या आकड्यांची बेरीज १०० च्या वर जाऊ देत नाहीत, आणि डिपर केला की ते सगळे एकदम विझलेच पाहिजेत. म्हणजे दिवे लावू देतात, पण हिशेबानं. पुण्याच्या टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेली. आपल्याकडे या कामाची जाण नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. ती टेकडी उतरून माझ्या गॅरेजपर्यंत आली नाही, इतकंच. एआरएआयनं एक पान काढावं, मराठीत, रिलेच्या चार पायांचं चित्र, फ्यूज कुठे, वायर किती जाड, ८६ ला कुठून. ते पान मी लॅमिनेट करून भिंतीला लावीन आणि माझ्यासारखे हजार जण लावतील.

गाडी कंपन्यांशी मला वेगळं बोलायचं आहे. आपल्या नव्या गाड्यांत आम्हाला अप्परची वायर सापडत नाही. काहींत बल्बला प्लस कायम असतो आणि अर्थ स्विच होतो. जुन्या सवयीनं टेस्टर लावला तर अप्पर बंद असतानाही टेस्टरचा दिवा लागतो आणि नवखा वायरमन फसतो. तिथं रिलेची गुंडाळी बल्बच्या दोन टोकांमध्ये घ्यावी लागते. काहींत हेडलाइट एलईडीचा, अप्पर-डिपर एकाच दिव्यात पडदा हलवून होतो, आणि सगळं कॉम्प्युटरच्या ताब्यात. तिथं वायर सोलली तर मीटरवर इशारा पेटतो आणि गिऱ्हाईक आमच्यावर ओरडतं. म्हणून बिचारा वायरमन बॅटरीवर जातो. आपण बॉनेटखाली एक छोटा प्लग द्या, एकच वायर, अप्पर असताना १२ व्होल्ट, डिपर असताना शून्य. वर मराठीत चिठ्ठी : 'जादा दिव्यांचा रिले इथून.' गाडीत काचेला उष्णता आहे, सीटला आठवण आहे. ही वायर देणं आपल्याला जड जाणार नाही. आपल्या शोरूममध्येच गाडीबरोबर जे दिवे 'ॲक्सेसरी' म्हणून बसवून दिले जातात, त्यांची जोडणी तरी आपण उद्या सकाळी तपासू शकता. ते काम कुठल्या रस्त्यावरच्या वायरमननं केलेलं नाही.

आणि व्यवसाय शिक्षणाच्या अधिकाऱ्यांना विनंती अशी की आमच्यासारख्यांना विसरू नका. आयटीआयमध्ये आज जी मुलं मोटार मेकॅनिक होत आहेत त्यांना आपण शिकवालच. पण रस्त्यावर गाड्या जोडणारे हात आमचे आहेत, पन्नाशीतले, कागद नसलेले. तालुक्याच्या आयटीआयमध्ये रविवारी एक दिवसाचा वर्ग ठेवा. रिले, फ्यूज, झोत बसवणं, नव्या गाडीत अप्पर शोधणं. शेवटी एक कार्ड द्या. ते कार्ड असलेल्या वायरमननं जोडलेल्या दिव्यांची पावती गाडीच्या कागदात राहू द्या, म्हणजे चुकलं तर विचारायला माणूस सापडेल. मला विचारलं तर चालेल. आज कोणी विचारत नाही, त्याचंच मला ओझं आहे.

त्या रात्रीचा गाडीवाला पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन माझ्याकडे आला. पोराच्या हाताला प्लास्टर होतं, तरी तो उजेड धरून उभा राहिला. मी बॅटरीवरची लाल वायर काढली, हेडलाइटच्या कनेक्टरमागे अप्परची वायर शोधली, सोल्डर मारून स्लीव्ह चढवली. पंचवीस मिनिटं लागली, वायर गेली हातभर.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी जुन्या गिऱ्हाइकांसाठी गॅरेज उघडं ठेवतो. जमतील तेवढ्यांना फोन केले आहेत. येतात, वायर बदलून जातात, पैसे मी घेत नाही. सगळे सापडत नाहीत. गाड्या विकल्या गेल्या, नंबर बदलले.

भिंतीला टेकवून एक लाकडी फळी ठेवली आहे. तिच्यावर एक जुना हेडलाइट, दोन ड्रायव्हिंग लाइट, रिले, फ्यूज आणि ८६ ची वायर बॅटरीवरून अप्परवर बदलायला एक चिमटा. आपल्यापैकी कोणीही, कुठल्याही रविवारी, गळिताचा हंगाम सुरू व्हायच्या आत यावं. समोर आठ मीटरवर खुर्ची मांडून ठेवीन. आपण खुर्चीत बसा, मी आधी वायर बॅटरीवर लावून डिपर मारतो, मग अप्परवर लावून मारतो.

आपला,
एक गाडी-वायरमन,
पाटण रस्ता, कऱ्हाड